खडू, फरशी आणि मुलांची पावलं

सुट्टी लागण्याआधी आम्ही वाचकांना विचारलं होतं : मुलांना घराबाहेर खडूने खेळायला देताना तुमचं नेमकं काय अडतं? आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

त्याआधी एक माप सांगून ठेवतो, कारण ते पुढे सारखं लागेल. खेळणाऱ्या मुलाला चपला काढून उभं करा. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच टेकवायला सांगा. या दोन पावलांची लांबी म्हणजे एका घराची, म्हणजे आखलेल्या एका चौकोनाची रुंदी. सहा वर्षांच्या मुलाची दोन पावलं साधारण ३५ सेंटिमीटर भरतात, दहा वर्षांच्या मुलाची ४२ ते ४५. मोठी माणसं अंदाजाने घरं आखतात ती बहुतेक वेळा ५०-६० सेंटिमीटरची होतात. मग लहान मूल दोनदा रेघेवर पडतं, बाद होतं आणि खेळ सोडून जातं. चूक त्याची नसते, घराची असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. मुलीला ठिकरी शिकवायला गेले, तर खडू दहा मिनिटांत संपला, रेघा दिसेनात आणि ठिकरी भलतीकडेच उडते. पेव्हरवर हा खेळ होतच नाही का? (एक आई, पिंपरी)

उत्तर : होतो, पण दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक आखणी, दुसरी ठिकरी.

पेव्हरचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तो खडू कानशीसारखा खरवडून काढतो. शिवाय दर दहा-वीस सेंटिमीटरवर सांधा येतो आणि तिथे रेघ तुटते. म्हणून पेव्हरवर पूर्ण चौकटी आखूच नका. प्रत्येक घराचे फक्त चार कोपरे काढा, इंग्रजी एल अक्षरासारखे, हाताची चार बोटं लांब. मुलांची नजर मधली रेघ आपोआप जुळवते. खडूही निम्म्याहून कमी लागतो. ब्लॉक साधे आयताकृती असतील तर सांध्यांनाच रेघ धरा. नागमोडी असतील तर तो मोह टाळा, कारण वाकड्या सांध्यावर ‘पाय लागला, नाही लागला’ हे भांडण मिटत नाही.

आता ठिकरी. आपल्याकडे हा खेळ दोन तऱ्हांनी खेळतात. एकीत ठिकरी घरात टाकून, लंगडी घालत जाऊन, परतताना ती उचलतात. दुसरीत लंगडीच्याच पायाने ती एका घरातून दुसऱ्या घरात सरकवत नेतात. सरकवण्याचा खेळ कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवरच जमतो. पेव्हरवर ठिकरी सांध्यात अडते, मूल जोर लावतं आणि तोल जातो. तेव्हा पेव्हरवर उचलण्याचाच खेळ ठेवा.

कौलाचा किंवा टाइलचा तुकडा पेव्हरवर टप्पा घेऊन उडतो. त्याऐवजी पुरचुंडी शिवा. जाड सुती कापडाचे १० सेंटिमीटरचे दोन चौकोन तीन बाजूंनी शिवून घ्या, आत ८० ते १०० ग्रॅम चिंचोके किंवा तूरडाळ भरा आणि चौथी बाजू दुहेरी टाक्याने बंद करा. गच्च भरू नका. पिशवी सैल असली की पडल्या जागी बसते, गच्च भरली की चेंडूसारखी उसळते. सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत ती नीट टाकता येते. त्यापुढच्या घरांसाठी त्याला दोन घरं पुढे येऊन टाकायची सवलत द्या.

प्रश्न : घरी प्लास्टरचे जाड खडू करून पाहिले. काहींना भेगा पडल्या, काही फरशीवर नुसते ओरखडे काढतात, उमटत नाहीत. कुठे चुकलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. ओरखडे काढणारा खडू कमी पाण्याचा असतो. भेगाळलेला खडू घाईने वाळवलेला असतो.

रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात पीओपी मिळतं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पिशवीवरचं नाव नीट वाचून घ्या. भिंतीची पुट्टी आणि व्हाइट सिमेंट दिसायला तसंच पांढरं असतं, पण त्यात सिमेंट असतं. ते त्वचा आणि डोळे पोळवतं, आणि त्याचा खडू होतच नाही, दगड होतो. पीओपी जुनं, ओल लागलेलं नसावं. गुठळ्या दिसल्या तर ते हवेतलं पाणी आधीच पिऊन बसलंय, धड घट्ट होणार नाही.

चार खडूंसाठी माप असं : एक वाटी (१५० मिलिलिटर) पाणी, त्याच वाटीने दीड वाटी पीओपी, दोन चमचे पोस्टर कलर. भिंतीसाठी पीओपी पाण्याच्या दुप्पट घेतात. खडू मऊ हवा, म्हणून आपण ते कमी घेतो. पण सव्वा वाटीच्या खाली जाऊ नका, नाहीतर खडू हातातच भुगा होतो.

साचा म्हणजे टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी. ती उभी चिरून घट्ट गुंडाळा. व्यास तीन सेंटिमीटरच्या आत आला की बाहेरून चिकटपट्टी लावा. आतून बटर पेपर घाला, नाहीतर पुठ्ठा खडूला चिकटून बसतो. खालच्या तोंडाला घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबून बसवा. चिकटपट्टीपेक्षा हे बूच भरवशाचं.

आधी रंग पाण्यात मिसळून घ्या. मग पीओपी पाण्यावर भुरभुरत सोडा, पाणी पीओपीवर ओतू नका. मिनिटभर ते आपसूक भिजू द्या आणि मग सावकाश ढवळा. जोरात फेटलं तर हवा आत अडकते, आणि तेच बुडबुडे पुढे खडू मोडण्याची जागा ठरतात. दाट ताकासारखं झालं की लगेच ओता. वाट पाहिली तर ते भांड्यातच आवळायला लागतं. ओतल्यावर नळी ताटलीवर चार-पाच वेळा हलकेच आपटा.

तासाभराने साचा सोडवा. इथेच बहुतेकांची चूक होते : खडू वरून घट्ट दिसतो म्हणून तो उन्हात ठेवतात. बाहेरचा थर आधी आक्रसतो, आत पाणी तसंच राहतं आणि भेग पडते. सावलीत, जाळीवर, दिवसातून एकदा पलटत तीन दिवस वाळवा, पावसाळ्यात पाच-सहा दिवस. गालाला लावून पाहा. गार लागला तर आत अजून पाणी आहे.

आणखी तीन गोष्टी, आणि त्या टाळण्यासारख्या नाहीत. पीओपी मिसळायचं काम मोठ्यांनीच करावं, तोंडाला मास्क किंवा ओढणी बांधून. ते घट्ट होताना गरम होतं, आणि गोळा जाड असेल तर चांगलंच भाजतं. म्हणून त्यात हात बुडवून ठसे घ्यायचा खेळ कधीही करू नका. आणि भांडं सिंकमध्ये विसळू नका, पाइपात दगड बसेल. लवचिक प्लास्टिकचं भांडं घ्या. राहिलेलं सुकू द्या, भांडं पिळा, पापुद्रा सुटून येतो, तो कचऱ्यात टाका.

प्रश्न : संध्याकाळी खाली दहा-बारा मुलं जमतात, वयं पाच ते तेरा. मोठे क्रिकेट खेळतात, धाकटे रडतात. सगळ्यांना एकत्र घेणारा खडूचा खेळ आहे का? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर : आजी, हा खेळ तुम्हाला येतच असणार, फक्त तो पाटावरून अंगणात आणायचा. अष्टा-चंगा. कुणी त्याला चल्लस-आठ म्हणतं, कुणी चौका-बारा. सोंगट्यांच्या जागी मुलं उभी करायची.

पट पाच बाय पाच घरांचा. इथे दोन पावलांचं माप चालणार नाही, कारण एका घरात दोन मुलं उभी राहायची वेळ येते. घर ६० सेंटिमीटरचं घ्या, म्हणजे पट तीन मीटरचा होतो. रेघा सरळ येण्यासाठी सुतळीला खडूची पूड फासा, दोघांनी दोन टोकं जमिनीला दाबून ताणून धरायची, तिसऱ्याने मधून उचलून सोडायची. गवंडी अशीच दोरी मारतात. चारी बाजू तीन मीटरच्या झाल्या तरी चौकोन तिरका असू शकतो, म्हणून कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ४.२४ मीटर भरले की पट काटकोनात आहे. हे मोजायचं काम तेरा वर्षांच्यांना द्या. ते क्रिकेट विसरून इथे येतील ते याच कामासाठी.

चारी बाजूंची मधली घरं आणि पटाच्या मधोमधचं घर यांवर फुली काढा. बाजूची फुलीची घरं त्या-त्या भिडूची, तिथे मार बसत नाही. प्रत्येक संघाच्या चार सोंगट्या असतात, पण माणसांच्या खेळात दोनच ठेवा. चार संघ, प्रत्येकी दोन सोंगट्या आणि एक दान टाकणारा, म्हणजे बारा मुलं झाली. धाकट्यांना सोंगट्या करा, मोठ्यांना दान टाकू द्या.

दानासाठी चार कवड्या, किंवा एका बाजूने पांढरे होईपर्यंत दगडावर घासलेले चार चिंचोके. जितके पांढरे वर तितकं दान, चारही पांढरे म्हणजे चार, एकही नाही म्हणजे आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा दान. सोंगटी आपल्या घरातून निघून बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. आपल्या घराच्या अलीकडच्या घरात आली की आत वळते, आतली आठ घरं घड्याळाच्या दिशेने फिरते आणि मधल्या घरात पोहोचते. दुसऱ्याची सोंगटी एकदा तरी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही.

अडचणी दोन येतात. आत-बाहेर दिशा बदलते ती पाच वर्षांच्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून बाहेरच्या घरांत पांढरे बाण आणि आतल्या घरांत पिवळे बाण काढून ठेवा. दुसरी अडचण म्हणजे कुणाकडूनच मार बसत नाही आणि सगळे बाहेर फेऱ्या घालत राहतात. तेव्हा आधीच ठरवा की वीस मिनिटांनी आतली वाट सगळ्यांना खुली. असे पट आपल्याकडे फार जुन्या काळापासून आहेत. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दगडात कोरलेले खेळांचे पट पाहायला मिळतात. मुलांना तिथे नेलंत तर ते आपणहून ओळखतील.

पाच-सहा जणच असतील तर गोगलगाय आखा. हा फ्रान्समधल्या मुलांचा खेळ, पण लंगडी येणाऱ्या कुठल्याही मुलाला तो लगेच जमतो. गोल फिरत आत जाणारी वाट, तिची घरं, मध्ये विसाव्याची जागा. एका पायावर आत जायचं, मध्ये दोन्ही पाय टेकायचे, एका पायावर बाहेर यायचं. रेघेला पाय न लावता जो परत येईल त्याने एका घरावर आपलं नाव लिहायचं. त्या घरात तो दोन्ही पाय टेकू शकतो, बाकीच्यांनी ते ओलांडून उडी मारायची.

वळणं हाताने काढली की वाट कुठे फुगते, कुठे आवळते. त्यासाठी साधारण ११ सेंटिमीटर व्यासाचा डबा पाण्याने भरून मध्ये ठेवा आणि एकाने तो धरून ठेवा. दीड मीटर सुतळीचं एक टोक डब्याला चिकटपट्टीने लावा, बाकीची त्याच्याभोवती गुंडाळा. २५ सेंटिमीटर मोकळी सोडून टोकाला खडू बांधा. आता सुतळी ताणलेली ठेवत ती उलगडेल तसं डब्याभोवती फिरत रेघ ओढायची. एका फेऱ्यात डब्याच्या परिघाइतकी सुतळी सुटते, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर, आणि तितकीच वाट रुंद होते. सहा वर्षांच्या मुलाची दोन पावलं! तीन फेऱ्यांत अडीच मीटरच्या आसपास पसरलेली गोगलगाय होते, तिच्यात अर्ध्या मीटरची १८-१९ घरं बसतात. डब्याऐवजी पाण्याची साधी बाटली घेतली तर वाट २२-२५ सेंटिमीटरचीच होते आणि कुणालाच उडी बसत नाही. डब्याचा व्यास म्हणूनच मोजून घ्या.

प्रश्न : मुलं खडूने जमीन खराब करतात अशी तक्रार येते. बंदी घालावी का? (एका सोसायटीचे सेक्रेटरी, ठाणे)

उत्तर : कृपया घालू नका. खडूचा डाग राहतो तो बहुतेक वेळा धुण्याच्या चुकीमुळे. आधी पाणी ओतलं की पुडीचा चिखल होऊन फरशीच्या बारीक छिद्रांत बसतो. म्हणून आधी कोरडा खराटा मारायचा, पूड सुपलीत गोळा करायची, आणि मगच अर्धी बादली पाणी. साधा पांढरा खडू एवढ्याने जातो. लाल आणि निळ्या रंगाची झाक राहिली तर भांड्यांचा साबण आणि प्लास्टिकचा ब्रश. व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड अजिबात नको. शहाबादी आणि कोटा या चुनखडीच्या फरश्या आहेत, अ‍ॅसिडने त्या कायमच्या पांढुरक्या पडतात. म्हणजे डाग काढायला जाऊन आपणच डाग पाडतो.

तेलकट किंवा मेणाचे खडू बाहेर द्यायचे नाहीत, ते खरोखर निघत नाहीत. गाड्यांच्या उतारावर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि लिफ्टसमोर खडू नको, कारण पुडीवरून चप्पल सरकते. बाकी एक कोपरा मुलांना नेमून द्या आणि संध्याकाळी सातला खराटा मारायची पाळी त्यांनाच लावा. मुलं ती पाळी खेळाइतकीच मनापासून करतात, फक्त खराटा त्यांच्या उंचीचा द्या.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. मराठी बोलते, पण अक्षरं गिरवायला बसली की कंटाळते. ड्राइव्हवेवर खडूने काही करता येईल का? (एक बाबा, न्यू जर्सी)

उत्तर : पूर्ण मुळाक्षरं आखू नका, तिथेच खेळ मरतो. बारा अक्षरं पुरतात, ज्यांचे काना-मात्रा नसलेले बरेच शब्द होतात. आडव्या ओळीत तीन घरं, अशा चार ओळी, प्रत्येक घर ४० सेंटिमीटरचं, आणि अक्षरं या क्रमाने :

ब क द
घ र ळ
न म स
व ग त

तुम्ही ‘घर’ म्हणायचं, तिने घ वरून र वर उडी मारायची. मग नळ, गरम, कळस, नगर, कमळ, मगर, बदक, गवत. या मांडणीत यातली कुठलीही उडी ९० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, सहा वर्षांच्या मुलीला ती झेपते. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली की उड्या कोपऱ्यातून कोपऱ्यात जातात, ती पडते आणि शब्द राहतो बाजूला. ‘मदत’ शब्दात द वरून त वर जायला जवळजवळ सव्वा मीटर लागतात, तो पुढच्या वर्षासाठी ठेवा.

हे सराईत झालं की काना आणा, पण त्याला वेगळं घर नको. काना आला की त्या अक्षरावर उभं राहून उजवा हात सरळ वर. मग याच बारा घरांत दार, वारा, माळ, मासा असे कितीतरी शब्द निघतात. (‘नातं’ मात्र अनुस्वारामुळे थांबतं. पुढे त्यासाठी डोक्यावर टिचकी ठेवा.) काना उजवीकडे लिहितात म्हणून हात उजवाच. ही शिस्त पाळलीत तर कागदावर काना कुठे काढायचा हे तिला सांगावं लागणार नाही. दोन-तीन दिवसांनी तिला अक्षरं पुसू द्या आणि नवी बारा तिलाच निवडू द्या. तिच्या नावाची अक्षरं त्यात आधी येतील.

प्रश्न : नातू खडू खातो. काय करावं? (लातूर)

उत्तर : दोन वर्षांखालचं मूल सगळंच तोंडात घालतं, तिथे नुसतं लक्ष ठेवणं पुरेसं. पण त्याहून मोठं मूल खडू किंवा माती पुन्हा पुन्हा खात असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. लोह कमी असलेल्या मुलांत ही सवय दिसते. रागावून ती जात नाही. ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांना डस्टलेस खडू द्या, आणि झाडताना वारा जिकडून येतो त्या बाजूला त्यांना उभं करा, म्हणजे पूड तोंडावर येणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेचं अंगण मातीचं आहे. खडू उमटत नाही. मैदानावर मारतात ती फक्की वापरली तर चालेल ना? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : फक्की कशाची आहे ते आधी पाहा. ती चुन्याची असेल तर लहान मुलांच्या खेळाला नको. खेळाडू त्या रेघेवरून धावत जातात, लहान मुलं मात्र तिथेच बसतात, हात लावतात आणि तोच हात डोळ्याला लावतात. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. कधी गेलाच तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मातीवर पांढरी रांगोळी सगळ्यात बरी. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला पेन्सिलीएवढं भोक पाडा, कोरडी रांगोळी भरा, बाटली उलटी धरून चाला. एका चालीत बोटभर जाडीची रेघ पडते. सडा मारून जमीन जरा आवळली की रेघ टिकते, कोरड्या भुसभुशीत मातीत पहिल्याच लंगडीला ती पुसते. रोज आखायला वेळ नसेल तर काठीने बोटभर खोल चर काढून त्यात ओली वाळू दाबा. आठवडाभर पुरतो.

प्रश्न : मुलगा विचारतो, सावली का हलते. खडूने दाखवता येईल असं ऐकलंय. नेमकं कसं? (एक बाबा, पुणे)

उत्तर : दाखवता येतं, आणि पुण्यात तर फार सुंदर दाखवता येतं. गच्ची किंवा मोकळी सपाट जागा निवडा, जिथे सकाळपासून दुपारपर्यंत इमारतीची सावली येत नाही. मुलाला उभं करून त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढा. दर तासाला त्याने त्याच पावलांत, त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं, तुम्ही सावलीच्या डोक्याशी खूण करून वेळ लिहायची. पावलं बोटभर जरी सरकली तरी सगळ्या खुणा फसतात. म्हणून पावलांची आकृती आधी, सावली नंतर.

२२ डिसेंबरच्या सुमाराला १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची सावली पुण्यात सकाळी नऊला सुमारे पावणेतीन मीटर असते, दहाला १ मीटर ८० सेंटिमीटर, अकराला १ मीटर ३० आणि साडेबाराला १ मीटर ८ च्या आसपास. पहिल्या तासात जवळजवळ मीटरभर आखडते, दुसऱ्यात अर्धा मीटर. हे मुलाला तोंडाने सांगू नका, खुणांमधलं अंतर त्याला त्याच्याच पावलांनी मोजू द्या. नऊच्या सावलीसाठी वायव्येकडे तीन मीटर जागा मोकळी हवी, बहुतेकांचं तिथेच फसतं : डोकं भिंतीवर चढतं. खुणांमधले कोन सारखे येत नाहीत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते तरी आडव्या जमिनीवर ते सारखे उमटत नाहीत, म्हणजे तुमचं आखणं चुकलेलं नाही. सगळ्यात आखूड सावली बाराला नाही, साडेबारानंतर दोन-तीन मिनिटांनी पडते, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची आहेत आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

आणि मेमध्ये पुन्हा करा. पुण्यात १३-१४ मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत १५-१६ मेला बारा पस्तीसच्या आसपास, कोल्हापुरात ६ मेच्या सुमाराला, नागपुरात २६ मेला बारा दहाच्या आसपास. त्या वेळी मुलाला उन्हात उभं करू नका. पाण्याने भरलेली सरळ बाटली ठेवा, तिच्या बुडाभोवती खडूने वर्तुळ काढा आणि आडोशातून पाहा. सावली आखडत आखडत त्या वर्तुळात शिरते आणि मिनिटभर दिसेनाशी होते. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत पुण्यात भर दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. डिसेंबरची खूण ऑइल पेंटच्या ठिपक्याने जपून ठेवली असेल तर मुलगा दोन्हींच्या मध्ये उभा राहून ते पाहू शकेल.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की काय? (रत्नागिरी)

उत्तर : पार्किंगच्या कोरड्या फरशीवर नवकांकरी आखा. एकात एक तीन चौकोन, बाहेरचा ६० सेंटिमीटरचा, बाजूंचे मध्य रेघांनी जोडलेले, प्रत्येकी नऊ खडे. तीन खडे रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. बसून खेळायचा खेळ आहे, ओल्या फरशीवर घसरायची भीती नाही. शेवाळलेल्या अंगणात लंगडीचे खेळ दिवाळीपर्यंत बंद ठेवा.

खडूंना ओल लागली की ते चिकट होतात आणि रेघ तुटक उमटते. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी मूठभर कोरडे तांदूळ पसरून वर खडू ठेवा. तांदूळ महिन्यातून एकदा तव्यावर कोरडे गरम करून घ्या. गडद रेघ हवी म्हणून कुणी खडू साखरेच्या पाण्यात बुडवायला सांगेल, तर ते करू नका, कोकणात तासाभरात मुंग्यांची रांग लागेल. नुसत्या पाण्यात टोक बुडवलं तरी रेघ तितकीच ठळक येते.